राहनाळचे हळदीत शिट्टीचा पाडाव जाहला त्याची हकीकत

गणरायास व गावदेवीस वंदन करून, मौजे राहनाळ, तालुके भिवंडी येथील रणसंग्रामाची हकीकत लिहिणे प्राप्त जाहले, कारण की ऐकणारे तमाम हयात आहेत आणि जो तो पदरचे तिखटमीठ लावून सांगतो. सबब खरे जाहले ते येणेप्रमाणे.

इसवी सन दोन हजार सहा, वैशाखमास. गोदामांचे धनी राजमान्य राजश्री काळूरामशेठ यांनी एकुलती कन्या क्षितिजा इजची हळद नेमिली आणि तीन गोदामे मावतील ऐसा मांडव घातला आणि खारबावापासून मानकोलीपर्यंत तमाम गोत बोलाविले. शेठजींची थोरली बहीण राहीबाई, गावची धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवले गाणारी. तिने धवले गायिल्यावाचून नवरीस हळद लागत नाही, ऐसा रिवाज. परंतु वयोमानाने बाईंचा आवाज बारीक जाहला होता, आणि भाचीची हळद जाहली की गाणे सोडणार, हे त्यांनी जाहीर केले होते. ते ऐकून शेठजींचे काळजात चर्र जाहले आणि त्यांनी वचन दिले की, ताई, तुझे धवले शेवटचे खुर्चीपर्यंत पोहोचवीन.

मग मनोज साउंडवाला सरंजामासह पाचारिला. हत्तीएवढे स्पीकर, तारांची जाळी, आणि सर्वांवर हुकमत करणारी काळी पेटी, नामे ग्राफिक इक्वलायझर. तिजवर एकतीस दांड्या ओळीने उभ्या. ढोलाचे घुमण्यापासून झांजेचे किणकिणाटापर्यंत एकेका आवाजाची एकेक दांडी सरदार. वर सारिली की तो आवाज चढतो, खाली ओढिली की उतरतो.

शेठजी पाहतात तो काही दांड्या वर, काही खाली. मर्जी खप्पा जाहली. गतसाली मेहुणे सावळाराम यांस एका लग्नात मागील रांगेत खुर्ची पडली आणि ते वर्षभर शेठजींशी बोलले नव्हते; तो घाव ताजा. सबब फर्मान सुटले की, आमचे मांडवात मानपान सर्वांस सारखा, तमाम दांड्या वर. मनोजने अर्ज केला की ऐशाने माइक ओरडेल, तो नामंजूर जाहला.

मग राहीबाईंनी माइकापुढे पहिला धवला उचलिला आणि तत्क्षणी स्पीकरांनी ऐसी शिट्टी मारिली की आचाऱ्याचे हातची कढई पडली आणि वरपक्षाकडील एक वृद्ध गृहस्थ, गाडी सुटली समजून, पिशवी घेऊन उभे राहिले. पुन्हा धवला, पुन्हा शिट्टी. बाई पाटावरून उठल्या आणि हुकूम केला, "काळूराम, यो भोंगा गप होत न्हाय तवर मी गानार न्हाय!" कोणी मसलत दिली की बाईंनी माइकाविना गावे, शेठजी गरजले की, वचन पहिल्या रांगेपुरते दिले न्हाय. इकडे हळद वाटीत सुकू लागली आणि नवरी रडकुंडीस आली.

मग मनोजने शेठजींचे कानाशी लागून खलबत केले, "काका, एकतिसांत एखादाच फितूर आहे. तोच ओरडतोय." मग तजवीज ठरली की सर्वांस मधोमध बसवावे, म्हणजे मानपान सारखाच राहतो, आणि माइक चालू ठेवून एकेकास पाळीने वर चढवून पाहावे. शेठजींस ती पटली. सरदार एकामागून एक वर चढले, मुकाट उतरले. परंतु मधल्या फळीतील एक वर जाताच किंचाळला. फितूर सापडला!

त्यास खाली ओढणे मनोजचे हाती होते, परंतु शेठजी म्हणाले की, माझे मांडवातला अपमान मीच करीन. त्यांनी दांडीपुढे नारळ ठेविला, हळदीचे बोट लाविले आणि हात जोडिले, "राग मानू नका, दादा. ताईसाठी एवढं सोसा." आणि ती दांडी आपले हाते तळास नेली.

मग राहीबाई गाऊ लागल्या आणि शब्द न् शब्द मोकळा जाहला आणि नवरीस हळद लागली. शेठजी खात्री करावयास चालत चालत मांडवाचे टोकास, खरकट्या भांड्यांजवळ, शेवटचे खुर्चीवर जाऊन टेकले. आजवर कामाचे धांदलीत त्यांनी एकही धवला पुरता ऐकिला नव्हता. बाईंनी गाण्यात उभयतां भावंडांचे आईचे नाव गुंफिले, तेही तेथे स्वच्छ आले, आणि शेठजी लहान पोराऐसे रडले.

पुढील रांगेतला शेठजींचा सोफा रिकामा पाहून सावळाराम बोलवावयास आले. शेठजी उठेनात. "हीच जागा बरी हाय," म्हणाले. मग सावळारामांनी मागील रांगेतीलच एक खुर्ची ओढिली आणि शेजारी बसले.

ऐसी शेवटची खुर्ची फत्ते जाहली. पेटीवर हळदीचे बोट अद्याप कायम आहे, मनोज पुसू देत नाही. तमाम रयतेस कळावे.