सबनीस काकांचं ‘तथापि’

आमचे शेजारी सबनीस काका कुठल्याही गोष्टीला ‘नाही’ म्हणत नाहीत. इतक्या वर्षांच्या शेजारात सरळ नकार मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलेला नाही, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

आम्ही या घरात राहायला आलो त्या दिवशी ट्रकमधून सोफा उतरत होता. काका हातात डबा घेऊन ड्राइव्हवेवर येऊन उभे राहिले. वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली ट्रॅक पँट, कानात इअरफोन. म्हणाले, “तुम्ही इथे आलात याचं आम्ही मनापासून स्वागत करतो.” मी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं, तोवर पुढचं आलं. “तथापि, तुमचा ट्रक आमच्या मेलबॉक्ससमोर उभा आहे. त्याबाबत काही समतोल मार्ग निघू शकेल का?” डब्यात गरम साबुदाण्याची खिचडी होती. ट्रक हलेपर्यंत डबा त्यांनी हातातून सोडला नाही.

मी सरळ बोलणाऱ्या घरातली. वडील इचलकरंजीला सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला होते, आणि त्या यंत्रांच्या आवाजात ‘तथापि’ कुणाला ऐकूच गेलं नसतं. हो तर हो, नाही तर नाही, तेही ओरडून. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. डिग्रीचं सर्टिफिकेट मी इथे, अमेरिकेत ओहायोतसुद्धा हॉलमध्ये, टीव्हीच्या वर लावलंय. कुणाला दिखाऊ वाटत असेल तर वाटो. काका पहिल्यांदा आत आले तेव्हा चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, “ठळक जागी लावलंस. योग्य केलंस.” या वाक्याला ‘तथापि’ नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता काका करतात काय, ते सांगते. मलाही ते कळायला वेळ लागला. त्यांच्या अमेरिकन कंपनीचे युरोपातल्या बऱ्याच देशांत टीव्ही चॅनल आहेत, जाहिरातींवर चालणारे. युरोपात तासाला किती मिनिटं जाहिराती दाखवायच्या, लहान मुलांपुढे काय दाखवायचं नाही, तिथलेच कार्यक्रम किती असायला हवेत, याचे नियम ब्रसेल्समध्ये, युरोपियन युनियनच्या कचेरीत ठरतात. नवा नियम येणार असला की तिथलं सरकार आधी सगळ्यांना विचारतं, तुमचं म्हणणं काय? काका ते म्हणणं लिहितात. जन्मभर हेच केलं. वय झालं तरी कंपनी त्यांना सोडत नाही, आणि ते कंपनीला.

“यात कला एकच,” त्यांनी मला एकदा सांगितलं. “नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की पुढच्या मीटिंगला बोलावत नाहीत. आधी स्वागत करायचं.”

“आणि मग?”

“मग तथापि.”

कंपनीला एखादी गोष्ट गोड लागणार असेल तर ती स्वतः मागायची. कडू बोलायचं असेल तर ते सगळ्या चॅनलवाल्यांची जी संघटना आहे तिच्या तोंडून वदवायचं. खासदाराला भेटण्याआधी त्याच्या असिस्टंटला भेटायचं, कारण वाचतो तो असिस्टंट. आणि जाताना दुरुस्तीचं वाक्य तयार करून न्यायचं, म्हणजे त्यांना नुसतं चिकटवायचं काम उरतं. कित्येक महिने खपून काकांनी एका कायद्यात ‘करावे’चं ‘करता येईल’ करून घेतलं होतं. अख्ख्या करिअरमधली ही त्यांची अभिमानाची गोष्ट. तीच हौस त्यांनी आमच्या मराठी मंडळात भागवली. ‘पॉटलकला प्रत्येकाने एक पदार्थ आणावा’ या नियमाचं त्यांनी स्वागत केलं आणि ‘आणावा’च्या जागी ‘आणता येईल’ घालून घेतलं. त्या दिवाळीला हॉलभर पेपर प्लेट आल्या. वाढायला काही नव्हतं.

शिवाय ते ब्रसेल्सच्या घड्याळावर जगतात. पहाटे, आम्ही सगळे झोपेत असताना त्यांचं ऑफिस सुरू होतं, सकाळी आमच्या टोस्टच्या वेळी ते वरण-भात जेवतात आणि अकराच्या सुमाराला त्यांची दिवसातली शेवटची मीटिंग असते. भर दुपारी ते मला ‘गुड नाइट’ म्हणतात.

त्यात आमच्या गावाचं नाव डब्लिन. ओहायोतलं, कोलंबस शहराच्या शेजारचं. काकांच्या मेलखाली नुसतंच ‘डब्लिन’ असतं. ब्रसेल्सचे लोक वर्षानुवर्षं समजत होते की हा गृहस्थ आयर्लंडच्या डब्लिनमध्ये बसतो, म्हणजे आपल्यातलाच. मीटिंगच्या सुरुवातीला ते विचारायचे, काय म्हणतोय तुमच्याकडचा पाऊस? काका खिडकीतून बघून प्रामाणिकपणे सांगायचे, आज ढगाळ आहे. एकदा तिथली एक असिस्टंट खऱ्या डब्लिनला सुट्टीवर गेली आणि तिने यांना कॉफीला बोलावलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाही? तर म्हणाले, “तसा थेट प्रश्न आमच्यापुढे कधी मांडला गेला नव्हता.”

असल्या माणसाशी वाद घालायला मला खरं तर आवडतं. एका रविवारी आमच्या हॉलमध्ये बसून त्यांनी मला समजावलं की जाहिरातींवरचे नियम सैल व्हायला हवेत, आणि टीव्हीचे सेट बनवणाऱ्यांवर मात्र कडक नियम हवेत. मी म्हटलं, “म्हणजे तुमच्यावर नियम नकोत आणि दुसऱ्यावर पाहिजेत?”

काका खूश झाले. “अगदी अचूक. फक्त असं लिहायचं नसतं. याला ‘सगळ्यांना सारखं मैदान’ म्हणायचं.”

मग आमचा रिमोट हातात घेऊन त्यांनी टीव्ही लावला. “बघ. पहिल्या पानावर काय दिसतंय? सेट बनवणाऱ्याला जे विकायचंय ते. माणसाला रोजचा चॅनल पाहिजे, तो तिसऱ्या पानावर, कोपऱ्यात. युरोपात आम्ही भांडतोय ते यासाठी. माणसाला जे हवंय ते उघडल्या उघडल्या समोर दिसलं पाहिजे. ठळक. शोधायला लागलं की संपलं, वैशाली. शोधता शोधता माणूस हरवतो.”

मी म्हटलं, सर्च करायचं ना, मग. काकांनी टीव्ही बंद केला. रिमोट टीपॉयवर ठेवून ते घरी गेले.

सबनीस काकूंचं मात्र बरं होतं. त्या काही मांडत नसत. काकांची शेवटची मीटिंग सुरू झाली की त्या घराच्या मागून, दोन्ही अंगणांमधल्या हिरवळीवरून चालत यायच्या, आमचं मागचं सरकतं दार उघडायच्या आणि किचन टेबलाशी बसून म्हणायच्या, “शैला, चहा टाकतेस?” माझं नाव वैशाली. शेवटची अक्षरं जवळपास तीच, म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही. मी घरूनच काम करते. एका हाताने ईमेल, दुसऱ्या हाताने आलं किसणं, असं आमचं चालायचं. त्या मिरजेच्या एकाच लग्नाची एकच गोष्ट सांगायच्या. वय झालं की बायका सांगतात, त्यातलंच मला ते वाटलं.

माझी खरी काळजी वेगळी होती. आमच्या घरांच्या मागे तळं आहे, त्यावर कॅनडाची बदकं उतरतात. माझी मुलगी अन्वी चालायला लागली तशी ‘डकी, डकी’ करत तिकडेच पळायला लागली. मी ठरवलं, मागे कुंपण घालायचं. पण आमच्या एचओएचा, म्हणजे इथल्या सोसायटीचा नियम असा की लगतच्या शेजाऱ्याची संमती हवी. लगतचे शेजारी कोण, ते सांगायला नकोच.

मी सरळ मेल टाकली, काका, ओके म्हणा. उत्तर आलं की लहान मुलांच्या सुरक्षिततेच्या उद्दिष्टाचं आम्ही स्वागत करतो, तथापि कुंपणाचा बदकांवर काय परिणाम होईल याचा आधी अभ्यास व्हायला हवा. मी लिहिलं, बदकांना पंख आहेत. त्यांनी लिहिलं, या मुद्द्याची आम्ही नोंद घेतली आहे. पुढच्या मेलमध्ये त्यांनी संक्रमण काळ, म्हणजे नियम लागू होण्याआधी थोडी मुदत, मागितला. त्याच्या पुढच्या मेलमध्ये लिहिलं की कायद्याची सक्ती हा शेवटचा उपाय असावा, त्याआधी स्वयंनियमनाला संधी द्यावी.

मी तणतणत अंगणात गेले. “काका, स्वयंनियमन म्हणजे?”

“अन्वीशी बोलून बघ,” काका म्हणाले. “संबंधितांनी स्वतःहून मर्यादा पाळल्याची चांगली उदाहरणं आहेत.”

“ती अजून डायपरमध्ये आहे.”

“म्हणूनच आम्ही संक्रमण काळ सुचवला.”

नितीन, म्हणजे माझा नवरा, हसून हसून आडवा झाला. मी त्या रात्री त्याच्याशीही बोलले नाही.

आणि मग एक दिवस ते झालं. काकू चहा पिऊन गेल्या, मी कॉलवर होते, आणि हॉलमध्ये एकदम शांत वाटलं. लहान मूल घरात असताना जे वाटू नये तसं शांत. मागचं दार सताड उघडं होतं. मी धावले तेव्हा अन्वी तळ्याच्या काठच्या चिखलात घोट्यापर्यंत उभी होती. क्रॉकचा एक रबरी बूट पायात, दुसरा पाण्यावर तरंगत होता, आणि ती तो घ्यायला वाकत होती.

तिला उचललं, पाय धुतले, जेवायला घरी आलेल्या नितीनच्या हातात दिलं, आणि तशीच, चिखलाच्या चपलांनी, सबनीसांच्या किचनमध्ये शिरले. काका त्यांचा संध्याकाळचा चहा घेत होते. भर दुपार होती. माझा चेहरा बघून त्यांनी सुरुवात केली, “तुझ्या काळजीचं आम्ही…”

“स्वागत करू नका,” मी म्हटलं. “माझी पोर आज बुडाली असती. दार उघडं होतं. काकूंनी टाकलं होतं उघडं.” हेही मी बोलले. सरळ बोलणाऱ्या घरातली आहे.

काकांनी कानांतून इअरफोन काढून टेबलावर ठेवले. त्यांचे कान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मग त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, म्हणून मीही तिकडे बघितलं. काकू टीव्हीसमोर बसल्या होत्या, एक मराठी मालिका चालू होती. त्यांच्या मांडीवर रिमोट होता. रिमोटच्या सगळ्या बटनांवर काळी टेप चिकटवलेली होती. मधोमध फक्त एक बटन उघडं ठेवलेलं, आणि त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका.

“शैला तिची बहीण,” काका हळू आवाजात म्हणाले. “मिरजेला दोघींची घरं पाठीला पाठ. परसातून परसात जायच्या. शैला जाऊन खूप वर्षं झाली.” त्यांनी चहाचा कप बशीत फिरवला. “पुढच्या दाराने गेली तर तिला काही सापडत नाही. मागे एकदा राउंडअबाउटच्या मधोमध उभी होती, गाड्या फिरतायत आणि ही प्रत्येकीला हात करतीये. तेव्हापासून पुढच्या दाराला वरून कडी आहे. आता तिला फक्त तुझं मागचं दार सापडतं. मीटिंगमधून मी उठू शकत नाही, पण खिडकीतून ती तुझ्याकडे पोचलेली दिसते. कुंपण घातलंस तर ती तिथपर्यंत येईल, आणि मग…” ते थांबले. “मला भीती वाटते, वैशाली.”

हा माणूस ओळख झाल्यापासून स्वतःला ‘आम्ही’ म्हणत आला होता. मेलबॉक्ससुद्धा ‘आमचा’. ते ‘मला’ ऐकून माझा राग कुठे ठेवावा हेच मला कळेना. राग गेला होता असं नाही. माणसाने एवढं साधं वाक्य बोलायला बदकांना कशाला मध्ये आणावं, हा माझा प्रश्न आजही कायम आहे.

मी त्यांच्या सिंकपाशी जाऊन उभी राहिले. निघण्याआधी काकू तिथेच उभ्या असलेल्या मला माझ्या किचनमधून दिसायच्या. खिडकीतून आमचं अंगण दिसत होतं.

“फाटक लावू,” मी म्हटलं. “इथून बरोबर समोर. खटका वरच्या बाजूला, अन्वीचा हात पोचणार नाही असा.” काका बघत राहिले. मी म्हटलं, “पहिल्या पानावर, काका. शोधायला लागायला नको.”

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, मग परत पुसला. “शैलाच्या परसाचं दार निळं होतं,” ते म्हणाले.

आमच्या एचओएला कुंपण पांढरं किंवा तपकिरी लागतं, तिसरा रंग चालत नाही. मी त्यांच्याशी भांडायला निघाले होते. काका म्हणाले, तू राहू दे. त्यांनी जी मेल लिहिली ती मी वाचली आहे. त्यात पहिल्या वाक्यापासून एचओएच्या रंगधोरणाचं इतकं भरभरून स्वागत होतं की आपण काय मागतोय हे मलाच कळेना. ‘तथापि’ तिसऱ्या परिच्छेदात, पाऊल न वाजवता येतं. खाली मंजुरीचं वाक्य तयार होतं, नुसतं चिकटवायचं. एचओएने ते तसंच चिकटवलं, वर आमचे आभारही मानले.

कुंपण पांढरं आहे, फाटक निळं. रोज अकराच्या सुमाराला काकू सिंकपाशी उभ्या राहतात, समोर बघतात आणि पदर खोचून निघतात. खटक्याला त्यांना थोडा वेळ लागतो. मी किचनमधून बघत असते, पण मदतीला जात नाही. तसं आमचं ठरलंय. पलीकडे काका आपल्या मागच्या दारात येऊन उभे असतात, वर इस्त्रीचा शर्ट, खाली ट्रॅक पँट, कानात ब्रसेल्स. फाटक उघडतं, काकू आत येतात, मागे खटका पडतो. मी पातेलं गॅसवर ठेवते. खटक्याचा आवाज ऐकल्यावरच काका म्यूट काढतात, आणि युरोपातल्या कुणाचं तरी मनापासून स्वागत करत आत वळतात. पुढचा शब्द मला इथपर्यंत ऐकू येतो.