हेमलताबाईंची परवानगी

इचलकरंजीच्या हेमलताबाई शिराळकरांनी कॉम्प्युटरमधली जुनी सिस्टीम काढून लिनक्स नावाची नवी सिस्टीम टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं घर प्रत्येक गोष्टीला त्यांची परवानगी मागू लागलं.

टाकायचं कारण साधंच. कॉम्प्युटर म्हातारा झालेला, जुनी सिस्टीम त्याला पेलवेना. बाईंनी व्हिडिओ बघत, देवाचं नाव घेत एकटीनं सगळं उरकलं. मधेच पडद्यानं विचारलं, मालकाचं नाव काय? बाई घुटमळल्या. वीजबिलापासून दारावरच्या पाटीपर्यंत सगळीकडे नवऱ्याचं, मधुसूदनरावांचं नाव. पण ते फिरायला गेले होते, म्हणून बाईंनी आपलंच घातलं. पुढे एकदा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर टिंबसुद्धा उमटेना. बिघडला वाटतं कीबोर्ड, म्हणून त्या घाबरल्या. बिघडलं काही नव्हतं. लिनक्समध्ये तसंच असतं, आणि मालकाच्या परवानगीशिवाय तिथं महत्त्वाचं काही हलतही नाही.

सकाळी दुधानं विचारलं, "बाई, उतू जाऊ का?"

"नको रे बाबा!" बाई म्हणाल्या. दूध खाली बसलं.

मग नळानं विचारलं, पंख्यानं विचारलं. दर वेळी बाईंच्या अंगावर शहारा यायचा. लग्न झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं हो! मधुसूदनराव म्हणतील ती पूर्व दिशा. आताही घर बंद करून मुलाकडे नाशिकला कायमचं जायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बाईंना ते शेजारणीकडून कळलं. त्यांना हे घर मुळीच सोडायचं नव्हतं. पण कुणी विचारेल तर सांगणार ना!

टेम्पो आला. हमालांनी जोर लावला, तरी कपाट हलेना.

"बाईंना विचारा," कपाट म्हणालं.

हमाल बाईंकडे वळले. "ह्यांना विचारा," बाईंच्या तोंडून सवयीनं गेलं.

"त्यांना तसे अधिकार नाहीत," कपाटानं नम्रपणे कळवलं.

मधुसूदनराव तावातावानं आत आले. "हा काय पोरखेळ..." पुढचे शब्द बाहेर पडेनात. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग घसा खाकरून हळूच म्हणाले, "हेमा, जायचं का गं आपण?"

बाई बघतच राहिल्या. हमाल थांबले होते, कपाट थांबलं होतं, बाहेर टेम्पोही घरघर बंद करून उभा होता. आपल्या एका शब्दासाठी एवढं सगळं थांबू शकतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"नाही जायचं," त्या म्हणाल्या.

मधुसूदनरावांनी मान डोलावली.

"मग चहा टाकू का सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

बाईंनी जरा विचार केला.

"टाका," त्या म्हणाल्या.