कसंकायताईंचा घसा

"अहो, ताईंनी कुंड्या दिल्या मला! सगळ्या!" शिंपीकाका जिन्यातूनच ओरडले आणि अख्खी इमारत दाराबाहेर आली.

कुंड्या दिल्या तर त्यात बोंब मारण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही कसंकायताईंच्या वर्गाला बसलेले नाही. दुखणं आलं की औषध देणारे पुष्कळ असतात. माणूस मनाने खचण्याआधीच त्याला सावरायचं, यासाठी आरोग्य केंद्राने नेमलेल्या मात्र या एकट्याच. भेटेल त्याला "कसं काय?" विचारायचं आणि खरं उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही, म्हणून हे नाव पडलं. त्यांनी वस्तीला शिकवलं होतं की, माणूस एकाएकी अबोल झाला, फोन उचलेना, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटू लागला, तर त्याच्यापाशी जाऊन बसा. उपदेश करू नका. तो बोलेपर्यंत गप्प राहा आणि त्याला एकटं सोडू नका. वस्तीने हे सगळं तोंडपाठ केलं होतं. तिथेच घात झाला.

खरी गोष्ट साधी होती. बाल्कनीची गळती काढायला कारागीर येणार, म्हणून कुंड्या तेवढ्यापुरत्या काकांकडे हलवल्या. आदल्या दिवशी माइक बंद पडलेल्या सभागृहात ओरडून ओरडून ताईंचा घसा बसला, आणि "आठवडाभर हूं नाही की चूं नाही" असा डॉक्टरांनी दम भरला. बोलायचंच नाही तर फोन उचलून करायचं काय? आणि नेमकी आजच अकराला बैठक होती. ताईंचं काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे बडे साहेब आज ठरवणार होते. तारीख बदलायला त्यांनी साफ नकार दिला होता. बिचाऱ्या ताईंनी रात्री जागून तक्ते काढले होते. ते बगलेत मारून त्या निघणार, तोच बेल वाजली.

दारात शिंपीकाका होते. त्यांच्यामागे शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई आणि त्यांच्याही मागे वर्गातले झाडून सगळे. भराभर आत येऊन मिळेल तिथे बसले.

"कसं काय, ताई?" काकांनी अगदी हळुवार विचारलं.

ताईंनी गळ्याला हात लावून मान हलवली.

"कंठ दाटून आलाय गं बाई," मास्तरीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

ताई हसल्या. हसून लपवतात, हेही वर्गात शिकवलेलंच होतं. शेवटी त्यांनी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मी ठीक आहे.' झालं! "'मी ठीक आहे' म्हणणाऱ्याला अजिबात सोडू नका," हे त्यांचंच वाक्य. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जरा आणखी ऐसपैस बसले.

आतून सासूबाई आल्या. "अहो, घसा बसलाय तिचा! डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

"घरचे आधी असंच झाकतात," काका पुटपुटले.

"झाकतात? मी?" सासूबाईंचा पारा चढला. "सूनबाई, हेच शिकवतेस होय गं लोकांना?"

सूनबाई काय बोलणार! खोलीभर माणसं तिच्या बोलण्याची वाट बघत चिडीचूप बसली होती. साडेदहा वाजून गेले. ताई दाराकडे धावल्या, तर काका आडवे. ताईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"वेळेचं काही मनावर घेऊ नका, ताई. आम्ही दिवसभर बसू."

"अहो, बैठक आहे तिची!" सासूबाई कडाडल्या. "नोकरी जाईल पोरीची!"

मास्तरीणबाईंनी काकांना बाजूला सारलं. "जाऊ द्या तिला. पण एकटं सोडायचं नाही."

मग काय, ताईंची वरातच निघाली. पुढे तक्ते घेऊन ताई, मागे वस्ती, आणि सगळ्यात शेवटी घरातल्याच चपलांवर सासूबाई.

पोचायला उशीर झालाच. साहेब कारकुनावर खेकसत होते. "हा बुद्धिबळाचा पट घेऊन जा. कायमचा!"

"साहेब, पण हा तर तुमचा जीव की प्राण..."

"ने म्हटलं ना!" टेबलावरचा फोन थरथरला. साहेबांनी तो पालथा घातला. "आणि ही गर्दी कसली? बाई, ते तक्ते राहू द्या. एकच सांगा, वर्षभरात तुमच्या वस्तीत काय घडलं?"

ताईंनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

"काही नाही, साहेब," काका अभिमानाने म्हणाले. "काही म्हणजे काहीच नाही घडलं."

"मग यांना पगार कशाचा द्यायचा?"

याच प्रश्नाचं उत्तर ताईंकडे तयार होतं, आणि नेमकं तेच बाहेर पडेना. त्या रडकुंडीला आल्या.

"मी सांगते," सासूबाई पुढे झाल्या. "मलाही ही नोकरी कधी पटली नाही. कसं काय विचारायला पगार? पण या शिंप्याचं दुकान बसलं, तेव्हा हा घराबाहेर पडेना, जेवेना. ही रोज जाऊन त्याच्यापाशी बसायची. आज तोच माझ्या घरात घुसून मला खोटारडी ठरवतोय! काही घडलं नाही ते फुकट नाही, साहेब."

काकांनी मान खाली घातली. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "मला गोष्टी नकोत! घरच्यांशी बोलायला सवड नाही मला, आणि तुम्ही..."

फोन पुन्हा थरथरला. साहेबांनी पाहिलंसुद्धा नाही. काकांनी फोनकडे पाहिलं, मग कारकुनाच्या हातातल्या पटाकडे, मग मास्तरीणबाईंकडे.

"कसं काय, साहेब?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? मी ठीक आहे!"

काकांनी दार लोटून घेतलं. कुणी खुर्चीवर, कुणी खिडकीच्या कट्ट्यावर बसलं. कारकूनही पट छातीशी धरून टेकला. ताईंनी तक्ते गुंडाळले आणि साहेबांसमोर बसल्या.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले. कुणी हूं नाही की चूं नाही. "बैठक संपली. निघा." कुणी हललं नाही.

बराच वेळ पंखा तेवढा फिरत राहिला. मग साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"झोप लागत नाही हो," ते हळूच म्हणाले.

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "बोला. आम्ही दिवसभर बसू."

ताईंच्या कामाचा निर्णय त्या दिवशी काही झाला नाही. निघताना साहेबांनी नाक पुसलं, फोन सुलटा केला आणि पुन्हा साहेबी आवाज काढला. "हा विषय अपूर्ण राहिलाय. पुढच्या बुधवारी या." मग दारापर्यंत येऊन म्हणाले, "सगळेच या."