शुक्रवारी आठ ते साडेनऊ

आठल्ये काकांकडे आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा त्यांनी आधी नुसतं श्रीखंड वाढलं. ते संपल्यावर कारल्याची भाजी आली, आणि ती पोटात गेल्याशिवाय गरम बटाटेवडे मिळणार नाहीत असं जाहीर झालं. माझी बायको मंजिरी कारल्याला हात लावत नाही. त्या दिवशी वड्यांच्या वासापायी तिने वाटी चाटूनपुसून खाल्ली. काका समाधानाने म्हणाले, "बघितलंस? कारलं कधी एकटं सोडायचं नाही."

हे गृहस्थ फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतात. कुठली मालिका किती वाजता लावायची, एवढंच काम त्यांनी एका टीव्ही वाहिनीत आयुष्यभर केलं. शुक्रवारी आठ ते साडेनऊ, अर्ध्या अर्ध्या तासाच्या तीन कौटुंबिक विनोदी मालिका एकापाठोपाठ, हे त्यांचं कर्तृत्व. त्यातलं गुपित ते दूधवाल्यालाही सांगतात. "दोन हिट मालिकांच्या मध्ये पडेल मालिका बसवायची. माणूस बेसिकली आळशी. तो उठत नाही. पडेलसुद्धा तरून जाते."

रिटायर झाल्यावर मालिका गेल्या, खोड राहिली. होळीच्या दिवशी सेक्रेटरी चड्ढाजींना पार्किंगचे नवे नियम मंजूर करून घ्यायचे होते. दोनदा त्यावरून मारामारी व्हायची बाकी राहिली होती. काकांनी तो विषय ठंडाई आणि तंबोला यांच्या मध्ये घातला. तंबोल्याची तिकिटं घेऊन बसलेल्या लोकांनी भराभर हात वर केले.

"अंकल जी, ये तो जादू है," चड्ढाजी म्हणाले.

"जादू नहीं, शेड्यूलिंग."

एका बारशात तर त्यांनी गाणाऱ्या आत्याबाईंना नाव ठेवणं आणि जेवण यांच्या मध्ये बसवलं. आत्याबाईंचं अख्खं गाणं लोकांनी ऐकून घेतलं. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं म्हणे.

हल्ली जो तो आपापल्या खोलीत आपापला मोबाइल बघतो, याचा काकांना मनापासून राग आहे. "सगळं घर एका सोफ्यावर बसायचं रे. भांडायचं, पण बसायचं." काकू गेल्यापासून दर शुक्रवारी आठला आम्हा दोघांना त्यांच्याकडे हजेरी लावावी लागते. पेनड्राइव्हवरच्या जुन्या मालिका, त्याच क्रमाने. सोफ्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मंजिरी. मधली जागा त्यांच्या मुलाची, केदारची. तो गुडगावला असतो.

"लहानपणापासून हसत नाही कार्टं," काका सांगतात. "तुम्ही दोघं खिदळणारे. म्हणून तो मध्ये."

स्वतः काका दारापाशी खुर्चीत बसतात आणि टीव्हीऐवजी आमच्याकडे बघतात. पाणी प्यायला उठलं तरी रिमोट उगारतात. केदार मात्र कधीच आला नाही. कधी ट्रॅफिक, कधी ऑफिसचा कॉल. काका मधली उशी झटकून परत ठेवायचे आणि म्हणायचे, "चलो, नेक्स्ट फ्रायडे."

गेल्या शुक्रवारी दार उघडता उघडताच ते म्हणाले, "केदारचं टोरांटोचं नक्की झालं. सगळेच जातायत, नातवंडंसुद्धा." आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी टीव्ही लावला.

पहिली मालिका संपली. एक संपून दुसरी लागते तेव्हा श्वाससुद्धा जपून घ्यायचा, हा त्या घरचा कायदा. नेमके तेव्हाच काका खुर्चीतून उठले. सोफ्यापाशी आले, मधली उशी उचलून मांडीवर घेतली आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "सरका यार जरा."

आणि मध्ये बसले.

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. दुसरी मालिका नेहमीइतकीच पडेल होती. आम्ही दोघं पहिल्या वाक्यापासून हसत सुटलो, अगदी निर्लज्जपणे. बऱ्याच वेळाने उशी घट्ट धरून काकाही थोडे हसले.

मला तहान लागली होती. मी उठलो नाही.