कॅन्सल झालेला दादा

सिंगापूरच्या भारतीय वकिलातीतल्या खिडकीमागच्या कारकुनानं पासपोर्टवर ‘कॅन्सल’चा शिक्का हाणला, तेव्हा उत्तमच्या तोंडाचा आ झाला.

“अहो, हे काय केलंत?”

“तुम्हीच अर्ज दिलात, भारताचं नागरिकत्व सोडतो म्हणून. खाली सही तुमची.” कारकून निघाला साताऱ्याचा.

“पण आता दुहेरी मिळतं ना? पेपरात आलंय!”

“पेपरात मथळा येतो, साहेब. दोन पासपोर्ट सिंगापूरलाही चालत नाहीत, आपल्यालाही नाही. आपण देतो ते परदेशी झालेल्यांचं ओसीआय कार्ड. मत नाही, शेतजमीन नाही. तेही सिंगापूरचा पासपोर्ट हातात आल्यावर.”

“तो पुढच्या महिन्यात, शपथ घेतल्यावर!”

“मग तोवर इथंच.”

तुआसच्या कारखान्यात उत्तम सुरक्षा इंजिनिअर. न वाचता कुठं सही करू नका, असं तो मजुरांना दर सोमवारी बजावायचा. अकरा दिवसांनी नागपुरात धाकट्या बहिणीचं, राणीचं लग्न होतं. आठ वर्षं त्यानं घरी पैसे पाठवले, पण घरातल्या एकाही कार्याला जाणं जमलं नव्हतं. या लग्नाला तो जाणारच होता.

बिशानच्या फ्लॅटवर बायको सरिता ताडकन उठली. “मिक्सरचं माहितीपत्रक चारदा वाचता, अन् देश सोडायचा कागद एकदाही नाही? आणि माझाही पासपोर्ट दिलात ना?”

“दिला.”

त्यानं नागपूरला फोन लावून येता येणार नसल्याचं सांगितलं. बाबा, निशिकांतराव, निवृत्त हेडक्लार्क, राज्यघटना तोंडपाठ. “दुसरा देश घेतला की हा सुटतो, ते कलम नऊ वाचलं होतंस का?” एवढंच विचारून त्यांनी फोन धाकट्या भावाकडे, रत्नदीपकडे दिला.

“टेन्शन नको घेऊ, दादा. लग्न आम्ही उरकतो. फोटो पाठवतो ना!”

उत्तम हबकला. रडारड होईल म्हणून त्यानं समजुतीची वाक्यं जुळवून ठेवली होती. कुणी साधं ‘अरेरे’ म्हटलं नाही.

“हॉलचे अन् जेवणाचे पैसे तेवढे उद्या टाक,” रत्नदीप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सेरंगूनच्या पैसे पाठवायच्या काउंटरवर मुलीनं पासपोर्ट उलटासुलटा केला आणि सिंगापुरी इंग्रजीत नकार दिला. “अंकल, कॅन्सल्ड ऑलरेडी. कॅनॉट लाह.”

त्यानं घरी कळवलं आणि नागपूर हादरलं. तासाभरात अकरा फोन!

“असं कसं कॅन्सल करतात माणसाला?” रत्नदीपचा आवाज कापत होता. “काही माणुसकी आहे का नाही?”

“कलमबिलम सोड,” बाबा म्हणाले, “मार्ग काढ.”

परदेशातून आलेल्या पैशाचे आकडे सरकार छाती फुगवून सांगतं. तो पैसा पाठवणारा माणूस दारात आला की त्याच्याकडे व्हिसा मागतं. त्यात नवल नाही. घर सरकारपेक्षा वेगळं असतं, अशी मात्र उत्तमची समजूत होती.

बाराव्या फोनवर राणी होती. “दादा, मी सगळ्यांना साफ सांगितलं. माझा दादा नाही, तर लग्न नाही. तारीख पुढे ढकला.”

“खरंच गं?”

“मग! पण सगळे म्हणतात, पत्रिका वाटून झाल्या. म्हणून विचारते, तिकडे तुझा कुणी मित्र असेल ना, ज्याचा पासपोर्ट चालतो? त्याच्या नावानं पैसे पाठवलेस तरी चालतील.”

उत्तमनं फोन ठेवला.

“काय म्हणाली राणी?” सरितानं विचारलं.

“म्हणाली, दादा नाही तर लग्न नाही.”