नारोपंत वानर आणि पाडसांचा फुटबॉल

बाळांनो, एका जंगलात एक फुटबॉल अकादमी होती. कोणत्या जंगलात, ते विचारू नका. तिथल्या क्रीडा समितीला प्रसिद्धी आवडते, चौकशी आवडत नाही.

अकादमी म्हणजे एक कुरण, सहलीला आलेली माणसे विसरून गेलेला एक चेंडू आणि चितळांची पाडसे. प्रशिक्षक म्हणून समितीने नारोपंत नावाच्या वानराची नेमणूक केली होती. नारोपंत नदीपलीकडे जाऊन रीतसर शिकून आले होते. शिवाय ते उंबराच्या झाडावर बसत, त्यामुळे त्यांना सगळे मैदान एका नजरेत दिसे. इतक्या उंचीवरून विचार करणारा प्रशिक्षक त्या जंगलाला पूर्वी लाभला नव्हता.

पहिल्याच दिवशी टिकली नावाच्या पाडसापाशी चेंडू आला. नारोपंत उत्साहाने ओरडले, "टिकले, डावीकडे दे!"

क्षणार्धात कुरण रिकामे झाले. मधोमध चेंडू तेवढा उरला.

याचे कारण तुम्हांला सांगायला हवे. वानर आणि चितळ यांच्यात फार जुना करार आहे. वानराने झाडावरून वाघ किंवा बिबट्या पाहिला की ओरडायचे, आणि चितळांनी काहीही न विचारता पळायचे. हा करार पाडसांना कोणी शिकवत नाही. तो त्यांच्या पायांत जन्मतःच असतो.

नारोपंतांना हे माहीत नव्हते असे नाही. परंतु नदीपलीकडच्या अभ्यासक्रमात ते नव्हते, म्हणून त्यांनी ते विचारात घेतले नाही. त्यांनी निदान केले, शिस्तीचा अभाव. उपायही ठरवला, आणखी मोठ्याने ओरडणे. पाडसे आणखी दूर पळू लागली.

अखेर एका सकाळी टिकली उंबराखाली येऊन उभी राहिली.

"पंत, रागावू नका. तुम्ही ओरडलात ना, की आधी माझे पाय पळतात. मी मागाहून पोचते."

"अगं, पण मी 'डावीकडे दे' म्हणालो होतो!"

"ते मला कळतं हो. पायांना नुसता आवाज कळतो."

"मग मी करू तरी काय?"

टिकलीने वर पाहिले. "उंबरं छान पिकलीत. खात का नाही?"

दुसऱ्या दिवशी नारोपंतांनी दोन्ही गालांत उंबरे कोंबली आणि गप्प बसले. पाडसे खेळू लागली. टिकली चेंडू खुराखाली थांबवी, कान टवकारी, हवा हुंगे आणि मगच वळे. असली बिचकण्याची सवय आधी मोडून काढावी, असे नारोपंतांना शिकवण्यात आले होते. पण समोरचा खेळाडू नेमका त्या थांबण्याला फसून पुढे निघून जाई, आणि टिकली त्याच्या पाठीमागून सुटे. हे त्यांना कोणीच शिकवले नव्हते. शिकवण्याची हौस त्यांना पहिल्यापासून होती. शिकणाऱ्याकडे पाहत बसण्याची गोडी आता लागली.

पालकांना मात्र ती लागली नाही. टिकलीची आई अनसूयाबाई एक दिवस बाकीच्या आयांना घेऊन झाडाखाली आली.

"पंत, तुम्ही हल्ली शिकवत का नाही?"

"शिकवतोय की."

"नुसते खाताय! पलीकडच्या जंगलातले अस्वलमास्तर बघा. काय तो आवाज! चार डोंगरांपलीकडे ऐकू येतो. आमच्या पोरांच्या नशिबी मात्र उंबरं."

तक्रार समितीकडे गेली. समितीचे अध्यक्ष रानगवा होते. त्यांनी फुटबॉल कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंकेला जागाच नव्हती. ते म्हणाले, "नारोपंत, शेजारच्या जंगलातल्या रानडुकरांशी सामना ठरवलाय. जिंकलात तर तुमची पद्धत. हरलात तर दुसरा प्रशिक्षक."

नारोपंतांनी मान डोलावली. तोंड भरलेले होते.

सामन्याला सारे जंगल लोटले. रानडुकरांची पिल्ले धडका देत खेळत होती. त्यांच्या आया मैदानालगत फुरफुरत उभ्या होत्या. चितळांच्या आयाही मागे नव्हत्या. "टिकले, मार!" "अगं, त्याला नको देऊस, तो मावशीचा असला म्हणून काय झालं!" एकटे नारोपंत शांत होते. दोन्ही संघांची बरोबरी झाली होती आणि वेळ संपत आली होती.

चेंडू टिकलीकडे आला. ती थांबली. एक डुक्कर तिच्या बाजूने घसरत गेले, दुसरे त्याच्यावर आदळले. समोर नुसता गोल होता आणि त्यात एक घाबरलेले पिल्लू. नारोपंत फांदीच्या टोकापर्यंत सरकले. आता नोकरी राहणार, पद्धत राहणार, उद्याची सकाळ राहणार.

आणि त्यांना गोलामागच्या उंच गवतात शेपटीचे टोक हललेले दिसले. वारा उलटा होता. टिकलीला वास येणे शक्य नव्हते.

तो बिबट्या होता. टिकली धावत त्याच्याच दिशेने निघाली होती.

नारोपंतांनी उंबरे थुंकली आणि ओरडले. जन्मात कधी ओरडले नव्हते इतके ओरडले.

कुरण रिकामे झाले. टिकली तर चेंडूच्याही आधी वळली. वानराची बोली रानडुकरांच्या कानांत शिरत नाही, आणि बिबट्याला आवरायला जवळ आया होत्याच. पिल्लांनी चेंडू ताब्यात घेतला, सावकाश पलीकडे नेला आणि रिकाम्या गोलात ढकलला. बिबट्या उघडा पडला की शिकार सोडून देतो. हाही जांभई देत बाहेर आला आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या खडकावर जाऊन बसला.

संध्याकाळी समिती भरली.

"ऐन वेळी तुम्ही ओरडलात," अध्यक्ष म्हणाले.

"बिबट्या होता."

"तो विषय वेगळा. इथे आपण खेळाबद्दल बोलतोय."

"माझी टिकली गोलापासून खूरभर लांब होती हो!" अनसूयाबाईंना हुंदका आवरेना.

"टिकली आहे ना, बाई?" नारोपंतांनी हळूच विचारले.

"आहे! पण पदक कुठंय?"

नारोपंतांना काढून टाकण्यात आले.

मग समितीने सामन्याचे बारकाईने विश्लेषण केले. पाडसे सर्वाधिक वेगाने कधी धावली? बिबट्या आला तेव्हा. निष्कर्ष स्पष्ट होता. नव्या प्रशिक्षकांचा नारळ देऊन सत्कार झाला. ते थोडक्यात बोलले. "या मुलांमध्ये खूप काही आहे. मला ते पहिल्या नजरेतच जाणवलं."

पालक भारावले. नवे प्रशिक्षक ओरडत नसत, तरी पाडसे जीव तोडून धावत. संघाचा वेग वाढत गेला, आणि संघ लहान होत गेला. अध्यक्षांनी खुलासा केला की निवड आता अधिक काटेकोर झाली आहे.

टिकली मात्र नव्या प्रशिक्षकांच्या पहिल्याच सरावाला गेली नाही. आई रोज ओरडे, ती रोज उंबराखाली जाई. तिथे ती एक वाळलेले बेलफळ खुराखाली थांबवी, कान टवकारी, हवा हुंगे आणि वळे. वर नारोपंत गप्प बसून पाहत. समितीने तिचे नाव संघातून कमी केले. शेरा असा होता: "गुणवत्ता आहे, चिकाटी नाही."

तात्पर्य: बाळांनो, गुणवत्तेपेक्षा चिकाटी मोठी. विश्वास बसत नसेल, तर जी पाडसे एकही सराव न चुकवता मैदानावर जात राहिली, त्यांनाच विचारून या. सापडली तर.