किनाऱ्यावर सर्वांनी स्वस्थ राहावे

उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. नगरपालिकेने किनाऱ्यावर एक भलामोठा निळा फलक लावला : ‘किनाऱ्यावर सर्वांनी स्वस्थ राहावे. हुकुमावरून.’

निवृत्त मुद्रितशोधकाने तो दोनदा वाचला. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेल्यामुळे त्याला आधी शुद्धलेखन दिसे आणि मग मजकूर. चूक सापडेना. तेव्हा आपल्यालाच कमी दिसू लागले असेल, अशी शंका त्याला आली. मग अर्थ ध्यानात आला आणि त्याला अगदी भरून आले. पालिकेने आजवर काढलेल्या हुकुमांत, त्याला पाळता येईल असा हा पहिलाच होता.

त्याने वाळूवर चटई पसरली, बायकोला हाताला धरून बसवले आणि शेजारी स्वतः टेकला. बायकोचे सबंध वर्ष आजारपणात पलंगावर गेले होते. खिडकीतून समुद्राचा आवाज येई, समुद्र मात्र दिसत नसे. “एकदा दोघं नुसतं जाऊन बसू या हो,” एवढेच तिने मागितले होते. आठवडाभरात हंगाम संपून किनारा बंद व्हायचा होता, आणि पुढच्या उन्हाळ्याविषयी डॉक्टर काही बोलत नव्हते.

तेवढ्यात शिटी वाजली. पिवळ्या टी-शर्टातली आरोग्यरक्षक मुलगी धावत आली आणि समोर जागच्या जागी पळत राहिली.

“आजोबा, फलक नाही वाचला?”

“वाचला की. म्हणून तर बसलोय.”

“बसलाय काय? स्वस्थ राहायचंय इथे!”

“अगं पोरी, याहून स्वस्थ कसं राहायचं?” बायको म्हणाली. “श्वास तेवढा चालू आहे आमचा. तोही थांबवू का?”

“स्वस्थ म्हणजे हेल्दी, आजी! भरभर चालायचं, हात हलवायचे, मधूनमधून हिरवा रस प्यायचा. परत बसलेले दिसलात तर दोघांचे किनाऱ्याचे पास रद्द.”

दोघांनी आजूबाजूला पाहिले. किनाऱ्यावर आनंद अगदी शिस्तीत चालला होता. एक कुटुंब घामाघूम होऊन विश्रांतीचा व्यायाम करीत होते. एक गृहस्थ लाटेत शिरण्यापूर्वी नाडी तपासून घेत होते, आणि लाट त्यांच्यासाठी थांबत नव्हती म्हणून चिडत होते.

दुसऱ्या दिवशी मुद्रितशोधक शब्दकोश काखोटीला मारून पालिकेच्या किनारा आरोग्य मंडळाच्या कचेरीत गेला. वाटेत तो दोनदा मागे फिरला होता. अध्यक्षांची खोली तळमजल्यावर होती, कारण जिना त्यांना झेपत नसे.

“साहेब, माझंच चुकत असेल कदाचित,” तो म्हणाला. “पण आपल्याकडे स्वस्थ म्हणजे शांत. काही न करता. पोरांना आपण म्हणत नाही का, ‘जरा स्वस्थ बस’ म्हणून?”

“मग निरोगी माणसाला काय म्हणता?”

“निरोगी.”

अध्यक्षांनी शब्दकोशात तो शब्द काढून पाहिला. मग म्हणाले, “फलक काही बदलता येणार नाही. रंग वाळलाय. पण अंमलबजावणी बदलता येईल.”

मुद्रितशोधक जवळजवळ नाचत घरी आला. दुसऱ्या सकाळपासून किनाऱ्यावर स्वस्थ बसणे सक्तीचे झाले.

आता सक्ती म्हटली की प्रशिक्षण आलेच. तीच मुलगी तीच शिटी घेऊन रांगांमधून फिरू लागली. “पाठ ताठ! नजर क्षितिजावर! काका, चेहऱ्यावर समाधान आणा. एवढं नको, उगाच खोटं वाटतं!” कालपर्यंत धावणारे लोक मांडी घालून कण्हू लागले. शेजारी शेजारी बसलेली माणसे बोलतात, असे निरीक्षणात आल्यामुळे ओळखीच्या दोघांनी एकत्र बसण्यास मनाई झाली. बायकोची रवानगी नवशिक्यांच्या विभागात झाली.

“नवशिकी? मी?” ती कडाडली. “वर्षभर पलंगावर काढलंय मी!”

“आजी, ते पडणं झालं. हे बसणं. दोन्हींचे विभाग वेगळे.”

मुद्रितशोधक मात्र फारच सुरेख बसत होता. छपाईची पाने तपासताना त्याला ती सवयच लागली होती. अध्यक्ष खास गाडीतून वाळूवर आले, त्यांनी गाडीच्या काचेतूनच त्याला पाहिले आणि ‘आदर्श स्वस्थ नागरिक’ म्हणून त्याची नेमणूक केली. त्याला लाकडी चौथऱ्यावर बसवून भोवती दोरी बांधण्यात आली. हंगाम संपेपर्यंत उतरायचे नाही. उतरला तर दोघांचे पास रद्द.

‘मला हे नको होतं हो,’ हे वाक्य त्याने मनात तयार केले. ते त्याला नीट वाटेना. त्याने शब्दांची जागा बदलून पाहिली. तोवर अध्यक्षांची गाडी निघून गेली होती.

शेवटच्या संध्याकाळी चौथऱ्यासमोर ही गर्दी लोटली. स्वस्थ माणूस पाहायला लोक लांबून आले होते. समुद्राकडे पाठ करून सगळे फोन उंचावून उभे होते, त्यामुळे बसणाऱ्याला समुद्र दिसेनासा झाला होता.

गर्दीतून वाट काढत बायको दोरीपाशी आली. चालून चालून तिला धाप लागली होती.

“अहो, उठा ना आता. पास गेला खड्ड्यात. उद्या बंदच होणार आहे सगळं. पाण्यात पाय तरी बुडवू या दोघं.”

त्याने तिच्याकडे पाहिले. पाठ किंचित वाकली, एक हात चौथऱ्याच्या कडेवर आला, पाय खाली सोडण्यासाठी त्याने मांडी मोडायला घेतली.

“शू!” गर्दीतून आवाज आला. “आजी, बाजूला व्हा. त्यांना स्वस्थ बसू द्या!”

हात मागे गेला. पाठ पुन्हा ताठ झाली.

मंडळाने पुढे पुष्कळ चौकशा केल्या, पण ते ‘शू’ कोणी केले याची चौकशी काही केली नाही. करण्यासारखी नव्हतीच. आपणच होतो ते. आपला फोटो हलायला नको होता.